नळावरचं भांडण आणि निळी टोपी

काल २९ मे झाला, संयुक्त राष्ट्रांचा शांतीसैनिक दिन. आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर सकाळपासून निळं हेल्मेट घातलेल्या जवानांचे फोटो येत होते. सगळे लष्कराचे. मी विचारलं, ह्यात पोलीस कुठं आहेत? एकानं लिहिलं, "पोलिसांचं काय काम बे तिथं? पावती फाडायला?" त्याला लगेच सतरा हसरे चेहरे.

तेव्हा काही बोललो नाही. रात्री झोप येईना (उकाडाही आहेच), म्हणून लिहायला बसलो. लांबणार आहे, आधीच सांगतो.

सात-आठ वर्षांपूर्वी रविवारी सकाळी सोलापूरच्या होम मैदानावर फिरायला येणाऱ्यांना आठवत असेल, एक बाई महिनाभर तिथं बोलेरो मागं घ्यायला शिकत होत्या. चार विटा उभ्या करायच्या, त्यांच्यामधून गाडी रिव्हर्स घ्यायची, वीट पडली की पुन्हा पहिल्यापासून. विटा उभ्या करायचं काम माझ्याकडं होतं. मी इंग्रजीचा क्लास घेतो आणि ह्या बाई माझ्या विद्यार्थिनी. पोलीस खात्यात फौजदार, नोकरीला बारा-तेरा वर्षं झालेली. इतकी वर्षं जीप ड्रायव्हरनं चालवली, ह्या शेजारी बसल्या. आता त्यांना यूएनच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या, शांती मिशनवर जायचं होतं आणि तिथं ड्रायव्हर मिळत नाही. परीक्षेतच गाडी स्वतः चालवून दाखवावी लागते. शिवाय इंग्रजी ऐकून समजणं, वाचणं, रिपोर्ट लिहिणं, मुलाखत हे वेगळंच.

खरी अडचण ऐकण्याची होती. वायरलेसवर आल्यासारखा निरोप ऐकून कोण, कुठं, किती वाजता, काय घडलं हे टिपायचं. बोलणारा आफ्रिकेतला असेल, फ्रेंच वळणाचं इंग्रजी बोलणारा असेल, कुणीही. पहिल्या दिवशी मी मोबाइलवर आफ्रिकेतल्या बातम्यांचा एक व्हिडिओ लावला. दोन मिनिटं झाली. मॅडम म्हणाल्या, "सर, काहीच कळंना झालंय." मी म्हटलं, "मॅडम, मलापण." त्या दिवशी आम्ही दोघं एका वर्गात बसलो म्हणायचं.

पण थोड्याच दिवसांत त्या माझ्या पुढं गेल्या. त्याचं कारण मला नंतर उमगलं. सोलापुरातला पोलीस एका बीटवर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकत असतो. पूर्व भागात यंत्रमागावरचा माणूस तेलुगूत तक्रार सांगायला लागतो, रागावला की मराठीत येतो आणि शिव्या कन्नडमध्ये देतो. शब्द सुटला तरी अर्थ धरायची सवय ह्या कानांना असते. परीक्षा मात्र इंग्रजीची. मी इंग्रजीवर पोट भरणारा माणूस असून सांगतो, पुढं त्यांच्या उपयोगी पडली ती ही सवय. माझं व्याकरण नाही.

आता "पोलिसांचं काय काम" ह्यावर. मित्रा, दोन सैन्यांच्या मध्ये उभं राहायला सैनिक लागतो. युद्ध थांबल्यावर चोरी, मारहाण, बलात्कार, जमिनीची भांडणं थांबत नाहीत, उलट वाढतात, कारण ठाणं जळालेलं असतं, फौजदार पळालेला असतो, नाहीतर तोच एका टोळीचा असतो. तिथं रणगाडा काय करणार? १९६० साली आफ्रिकेत काँगोत यूएनला पोलीस लागले होते, तेव्हा घाना आणि नायजेरियाचे गेले. १९६४ पासून सायप्रसमध्ये आहेत. काल-परवाची गोष्ट नाही ही.

आपल्याकडं देशाचं म्हणून एकच पोलीस दल नाही, पोलीस हा राज्यांचा विषय. त्यामुळं आपले लोक दोन वाटांनी जातात. एक म्हणजे अख्खी तुकडी. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या केंद्रीय दलांची, साधारण सव्वाशे ते दीडशे माणसांची, हत्यारं, गाड्या, आचारी सगळं बरोबर घेऊन. दुसरी वाट एकेकट्या अधिकाऱ्याची. ह्यात राज्यांच्या पोलिसांतलेही असतात. हा बहुतेक मिशनवर बिनहत्यारी असतो, आणि कोसोव्होसारखे अपवाद सोडले तर त्याला अटकेचे अधिकारही नसतात. काम काय, तर स्थानिक पोलिसाच्या शेजारी बसायचं, बरोबर गस्त घालायची, स्टेशन डायरी कशी लिहितात ते दाखवायचं, आणि तो चुकत असेल तर त्याला न ओरडता तसं सांगायचं.

तुकडीचं नाव निघालं की लायबेरियाचं सांगावंच लागतं. चौदा वर्षांचं यादवी युद्ध २००३ मध्ये संपलं आणि जानेवारी २००७ मध्ये सीआरपीएफच्या शंभरावर महिला तिथल्या राजधानीत, मन्रोव्हियात उतरल्या, कमांडर सीमा धुंडिया. यूएनच्या इतिहासातली महिलांची ही पहिली पोलीस तुकडी. राष्ट्राध्यक्ष एलेन जॉन्सन सरलीफ ह्यांच्या कार्यालयाच्या पहाऱ्यावर ह्या बायका, रात्रीच्या गस्तीवर ह्याच, आणि वेळ मिळाला की शेजारच्या मुलींना स्वसंरक्षणाचे धडे. तुकड्या बदलत २०१६ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षं, हे चाललं. त्या परतल्या तेव्हा लायबेरियाच्या सुरक्षा दलांतलं महिलांचं प्रमाण सहा टक्क्यांवरून सतरावर गेलं होतं, हा आकडा यूएनचाच. सगळं श्रेय आपल्या तुकडीचं असं मी म्हणणार नाही, तिथल्या सरकारनंही जोर लावला होता. पण गेटवर रायफल घेऊन उभी असलेली बाई रोज डोळ्यांसमोर दिसणं ह्याचा परिणाम होतोच की. आणि आपल्या देशातल्या पोलिसांत बायका किती? बारा टक्क्यांच्या आसपास. निर्यात उत्तम, घरात टंचाई. आपल्या चादरीसारखंच.

आमच्या मॅडम गेल्या दक्षिण सुदानला, राजधानी जुबाला. डिसेंबर २०१३ मध्ये तिथं यादवी पेटली तेव्हा जीव मुठीत धरून लोक यूएनच्या तळांमध्ये घुसले आणि तिथंच राहिले. काही दिवसांसाठी आलेली माणसं वर्षानुवर्षं. सगळ्या छावण्या मिळून दोन लाखांच्या आसपास, ताडपत्रीच्या झोपड्यांत. ह्यांच्यात शांतता ठेवायची ती यूएन पोलिसांनी. बाहेर जळण आणायला जाणाऱ्या बायकांवर अत्याचार व्हायचे, म्हणून त्या वाटांवर गस्त घालायची तीही त्यांनीच.

तिथला एक प्रसंग त्यांनी मला परत आल्यावर सांगितला.

छावणीत पाण्याच्या नळावर भांडण. पिवळे जेरीकॅन ओळीत लावलेले, बायका सावलीत बसलेल्या. आपल्याकडं घागरीनं नंबर धरतात तसं तिथं कॅननं. कुणीतरी कुणाचा तरी कॅन रात्रीत मागं सरकवला होता. ह्या पोचल्या तेव्हा एकीच्या कपाळातून रक्त येत होतं आणि पुरुष काठ्या घेऊन जमायला लागले होते. मॅडमकडं काठी नाही, पिस्तूल नाही. डोक्यावर निळी टोपी आणि बरोबर विशीतला एक दुभाष्या पोरगा.

"सर, इथं असते तर मी काय केलं असतं? जीपमधून उतरतानाच आवाज चढवला असता. दोघींना गाडीत घातलं असतं. दोन मिनिटांचं काम. तिथं ह्यातलं काहीच नव्हतं माझ्याकडं."

मग काय केलं?

"एक रिकामा कॅन उलटा केला आणि त्यावर बसले."

अर्धा तास नुसत्या बसल्या. जखमी बाईला आधी दवाखान्यात धाडलं आणि मग एकेकीला विचारलं, तुझा नंबर कितवा होता? बास, एवढंच. कोणी कोणाला मारलं हे विचारलंच नाही. सगळ्यांचे नंबर सांगून होईस्तोवर आवाज उतरले. शेवटी तोडगा काढला तो एका म्हातारीनं, मॅडमनी नव्हे. कॅनच्या मुठीला रंगीत चिंध्या बांधायच्या, प्रत्येक गल्लीचा रंग वेगळा. ह्यांनी फक्त ते वहीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पाणी सुटायच्या वेळेला जाऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशीही.

ज्या शहरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं त्या शहरातल्या फौजदाराला नळावरचं भांडण नवीन नाही. नवीन होतं ते हातात काही नसताना ते मिटवणं. माझं म्हणणं जे आहे ते हेच. आपण जगाला पोलिसिंग शिकवायला माणसं पाठवतो असं म्हणतो, छान वाटतं ऐकायला. पण खरी शिकून येतात आपली माणसं. दांडक्याशिवाय, 'आत टाकीन'शिवाय पोलीस होता येतं हे वर्षभर करून बघितलेली माणसं आपल्याकडं आहेत, आणि त्यांचं आपण काय करतो?

मॅडम परतल्या. वरिष्ठांनी पहिला प्रश्न विचारला, "किती सुटले?" म्हणजे डॉलरमधला भत्ता किती उरला. दुसरा प्रश्न नव्हताच. कुठल्या कार्यालयात बसवलं ते लिहीत नाही, काम आवक-जावकचं होतं. छावणीतल्या कामावर त्यांनी अकरा पानांचं टिपण केलं होतं, मीच इंग्रजी तपासलं होतं. ते वर पाठवलं. पोच आली, अभिप्राय आजतागायत नाही. सहकाऱ्यांच्यात वर्षभर नाव काय, तर 'आफ्रिका रिटर्न'.

किरण बेदी २००३ मध्ये यूएनच्या पोलीस सल्लागार झाल्या, ते पद मिळालेल्या पहिल्या महिला. जम्मू-काश्मीर पोलिसांतल्या इन्स्पेक्टर शक्ती देवी ह्यांना अफगाणिस्तानातल्या कामासाठी २०१४ मध्ये महिला शांतीरक्षक पोलीस म्हणून आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बातम्या आल्या, सत्कार झाले. पण असे लोक परत आल्यावर प्रशिक्षण केंद्रात पोरांसमोर उभे केलेत, जमाव हाताळायचे धडे त्यांच्याकडून लिहून घेतलेत, असं मला तरी आमच्याकडं दिसलं नाही. महिन्याभरात आषाढीचा बंदोबस्त लागेल. लाखो माणसं पंढरपुरात, आणि गर्दी काठीनं हलत नाही हे तिथल्या जुन्या हवालदारांना पक्कं ठाऊक असतं. त्यांच्याबरोबर मॅडमला एक दिवस बसवा आणि नव्या भरतीला समोर बसवून नुसतं ऐकू द्या. खर्च किती, चहाचा.

आता कुणी म्हणेल, सर, यूएनचं एवढं कौतुक नको. नाहीच करत. हैतीत २०१० ला कॉलरा पसरला तो शांतीसैनिकांच्या तळाच्या सांडपाण्यातून. हजारो माणसं गेली, आणि त्यात आपला वाटा होता हे कबूल करायला यूएनला २०१६ उजाडलं. काँगोत बुटेंबोला जुलै २०२२ मध्ये लोक यूएनच्या विरोधात रस्त्यावर आले. आमचं रक्षण करत नाही तर इथून जा, ही त्यांची मागणी. त्या हिंसाचारात बीएसएफचे दोन जवान मारले गेले, दोघं राजस्थानचे. ज्यांच्यासाठी गेले त्यांच्याच गर्दीत गेले. आणि त्या गर्दीचा राग सगळाच खोटा होता असंही म्हणवत नाही.

हे आपल्याला, सोलापूरकरांना, कळायला जड जाऊ नये. मे महिनाच होता तो. ८ मे १९३० ला इथं गोळीबार झाला, लोक बिथरले, आणि ९, १०, ११ असे तीन दिवस इंग्रजांचा पोलीस शहराच्या रस्त्यावर नव्हता. रहदारी स्वयंसेवक सांभाळत होते. मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन फाशी गेले. त्यांच्यावर खटला होता पोलिसांच्या खुनाचा. त्यांच्या चार पुतळ्यांच्या चौकातून आपण रोज गाड्या दामटतो. पण लोकांनी नाकारलेला गणवेश म्हणजे काय, हे ह्या गावानं बुटेंबोच्या ब्याण्णव वर्षं आधी बघितलंय. मॅडमना हे एकदा बोललो होतो. त्या म्हणाल्या, "म्हणूनच कॅनवर बसले सर. उभी राहिले असते तर मी पण इंग्रजच."

ग्रुपवरच्या मित्राला ही पोस्ट टॅग करतोय. वाचणार नाही, माहीत आहे, तरी.

अजून एक. परवा ग्रामीण पोलिसांतला एक तरुण फौजदार क्लासला आला, यूएनची परीक्षा द्यायची म्हणून. मी मॅडमना फोन केला, वेळ असेल तर भेटा म्हटलं. त्या म्हणाल्या, "रविवारी सहाला होम मैदानावर पाठवा त्याला. विटा मी आणते. आणि सर, तुम्ही नका येऊ, तुम्ही त्या वाकड्या उभ्या करताव."