कूलर पांढरी पाचमध्ये

होळी झाली की नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली येतात, आणि आंतरराष्ट्रीय जॅझ दिवस असतो ३० एप्रिलला. म्हणजे ‘आपल्याकडेही एकदा जॅझ व्हायला पाहिजे’ असं शहरातल्या चार रसिकांना वाटतं ते नेमकं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकलेला असताना. युनेस्कोनं २०११ साली हा दिवस जाहीर केला तेव्हा त्या सभेत एकही नागपूरकर नसावा. असता तर डिसेंबर मिळाला असता, संत्र्यांसकट.

जॅझला खोली लहानच लागते, यावर सगळ्या जाणत्यांचं एकमत आहे. न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड हा जॅझ क्लब १९३५ पासून एका तळघरात आहे आणि तिथे बसायची परवानगी १२३ जणांना. आपल्याकडे तळघर म्हणजे पार्किंग नाहीतर कोचिंग क्लास. त्यामुळे नागपुरी जॅझ वर चढतो. धरमपेठेकडे एखाद्या कॅफेचा दुसरा मजला, वीस बाय तीस फुटांची खोली, पन्नास खुर्च्या, आणि डोक्यावर दिवसभर तापलेला स्लॅब. खाली टाईल्स, एका बाजूला काच, वर पीओपी. अशा खोलीत चमचा पडला तर तो तीनदा पडतो.

म्हणून सर्वात आधी बिछायत केंद्रातून सतरंजी आणायची. सहा बाय सहाची जाड सतरंजी ड्रमखाली लागतेच, आणि ती शोभेसाठी नसते. बासड्रमचे पाय टाईल्सवर धरत नाहीत. प्रत्येक ठोक्याला ड्रम केसभर पुढे सरकतो. मध्यंतरापर्यंत तो श्रोत्यांत आणि ड्रमवाल्याचा पाय योगासनात. डिजिटल पियानोच्या पेडलचंही तेच, ते तर इतकं हलकं असतं की वादक बोटांनी वाजवतो आणि पायानं पेडल शोधत फिरतो. त्याला सतरंजीवर चिकटपट्टी मारा. काचेवर जाड पडदे. भिंतीला आजीची गोधडी टांगली तर लोक हसतील, हसू द्या. रिकाम्या खोलीत संध्याकाळी पाचला केलेली आवाजाची तपासणी रात्री आठला काही उपयोगाची नसते, हेही लक्षात ठेवा. पन्नास माणसं आली की आवाजाची धार जाते, कारण माणूस ही एक बऱ्यापैकी गोधडीच आहे.

आता कूलर.

पोस्टरवर चौघांची नावं असतात. सॅक्सोफोन, पियानो, बास म्हणजे खर्जाचं तारवाद्य, आणि ड्रम. कूलरचं नाव कुणी छापत नाही, पण पहिला सूर त्याचा लागतो आणि शेवटचाही. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते आणि मोटारीची घूं त्याच्या दुप्पट, म्हणजे १००. पेटीवरची खर्जाकडची पांढरी पाच बोलते ९८ वर. तेव्हा कूलर पांढरी पाचमध्ये आहे, श्रुतीभर चढा. जॅझवाले ब्लूज, म्हणजे त्यांचा नेहमीचा ढाचा, धरतात ते पुष्कळदा काळी पाच नाहीतर पांढरी चारमध्ये. काळी पाच धरली तर कूलर रात्रभर धैवत देत बसतो, पांढरी चार धरली तर रिषभ. व्होल्टेज पडलं की पंखा मंदावतो, वाऱ्याची सूं उतरते, पण मोटारीची घूं जागची हलत नाही. सुरावरची अशी निष्ठा भल्याभल्या गवयांत सापडत नाही.

‘मग बंद करा ना तो!’ असं कुणीतरी म्हणतंच. करून पाहा. बसल्या जागी माणूस शंभर वॅटच्या बल्बइतकी उष्णता बाहेर टाकतो. पन्नास माणसांची झाली पाच हजार वॅट, म्हणजे बंद खोलीत अडीच गिझर चालू. वर स्लॅब आहेच. त्यातून काढायचा मार्ग असा की कूलर खिडकीबाहेर, लोखंडी स्टँडवर, पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे दुमडून, म्हणजे त्याचा पत्रा ग्रिलवर थडथडणार नाही. समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला झरोका उघडा. ताट्या तासभर आधी भिजवून ठेवायच्या, मग पंखा कमी वेगावरही भागतं. आणि वाऱ्याचा झोत वादकांच्या कागदांवर नको. तो टळत नसेल तर कपड्यांचे चिमटे, एका स्टँडला किमान चार. सोलो ऐन रंगात आणि पुढचं पान पहिल्या रांगेतल्या काकूंच्या मांडीवर, हे दृश्य एकदा गमतीचं असतं.

तरी कूलरशी पूर्ण वैर धरता येत नाही, कारण एप्रिलची आपली कोरडी हवा वाद्यांना कूलरपेक्षा जास्त छळते. सॅक्सोफोनची रीड म्हणजे बोरूच्या जातीतली एक पातळ पट्टी. नागपूरच्या हवेत ती दहा मिनिटं उघडी राहिली की तिच्या टोकाला वाळलेल्या पापडासारख्या लाटा येतात आणि मग सुराऐवजी चिमणी बोलते. म्हणून वादक तीन-चार रीडी भिजवून ठेवतो आणि आलटून पालटून लावतो. ग्लासात काडीसारखं काहीतरी बुडालेलं दिसलं तर वेटरनं ते उचलून नेऊ नये, एवढं त्याला आधी सांगून ठेवावं. सुरांचाही घोळ असतो. गरम हवेत आवाज वेगानं धावतो, २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, तर ४० अंशांना ३५५च्या आसपास. त्यामुळे फुंकीची वाद्यं चढतात. त्याच उष्णतेनं तारा सैलावतात, म्हणून बास उतरतो. डिजिटल पियानो मधोमध ४४० हेलकाव्यांच्या ठरलेल्या सुरावर बसलेला, कुणाचं ऐकत नाही, एकत्र कुटुंबातल्या मोठ्या काकांसारखा. सॅक्सवाला तोंडाकडचा भाग बाहेर ओढून सूर खाली आणतो, बासवाला खुंटी पिळतो, आणि ते दोघं काकांपाशी भेटतात.

बास मुंबईहून येणार असेल तर वेगळंच प्रकरण. माणसाएवढं उंच लाकडी वाद्य विदर्भ एक्सप्रेसच्या बर्थवर बसत नाही आणि टीसीला ते प्रवासी वाटत नाही की सामान. कुणीतरी काळजीवाहू माणूस सुचवतो की प्रवासात ताण नको, सगळ्या तारा सैल करून टाका. हे कधी करू नका. बासच्या पोटात एक लाकडी दांडी उभी असते, तिला साउंडपोस्ट म्हणतात. ती ना चिकटवलेली, ना ठोकलेली. तारांच्या दाबानंच ती जागेवर राहते. चारही तारा एकदम सोडल्या की ती आत आडवी होते, आणि मग सहा फुटांचा खुळखुळा घेऊन तुम्ही नागपूर स्टेशनवर उतरता. ती पुन्हा उभी करायला कारागीर लागतो आणि वेगळं वाकडं हत्यार लागतं. म्हणून बहुतेक बासवाले शहाणपणानं इलेक्ट्रिक बास खांद्याला लावून येतात, आणि लोक म्हणतात, ‘हे तर गिटार हाय.’

साऊंडवाला भाऊ हा आपला स्वतंत्र विषय आहे. तो गणपती, लग्न आणि ऑर्केस्ट्रा करतो, त्यामुळे त्याच्या धर्मात एको नसलेला आवाज म्हणजे बिनतर्रीचे पोहे.

‘भाऊ, तो एको काढा ना.’

‘काढलाच हाय साहेब. थोडासाच ठेवला.’

तो ‘थोडासा’ साधारण ३०० मिलिसेकंदांचा असतो. मिनिटाला २०० च्या लयीत एक मात्राही बरोबर ३०० मिलिसेकंदांची. म्हणजे ड्रमचा प्रत्येक ठोका पुढच्या ठोक्याच्या अंगावर जाऊन पडतो आणि चौघांचे आठ होतात, त्यातले चार एक मात्रा उशिरा आलेले. वीस बाय तीसच्या खोलीत सॅक्सला आणि ड्रमला माईक लागतच नाही. बासला त्याचा ॲम्प पुरे, पियानोला एक स्पीकर, आणि गाणारं कुणी असेल तर एक माईक, तोही स्पीकरच्या मागे. पुढे आला की शिट्टी. घूं येत असेल तर सगळी वाद्यं एकाच बोर्डावरून घ्या. दोन बोर्डांवरून घेतली की दोन अर्थिंगमधून ती घूं फिरत राहते. प्लगची तिसरी पिन तोडून घूं घालवायची कला काही भाऊंना अवगत असते. त्यांना प्रेमानं थांबवा. घूं जाईल, पण माईकला ओठ लावणाराही जाऊ शकतो.

एवढं झालं की सात वाजताचा कार्यक्रम आठला सुरू होतो. आधी दीपप्रज्वलन. त्यासाठी कूलर बंद करावा लागतो, कारण समई आणि कूलर यांचं जगात कुठेही जमलेलं नाही. मग शाल, श्रीफळ, प्रास्ताविक. उन्हाळ्यात शाल पांघरलेला ड्रमवाला पाहून ज्याला गलबलून येत नाही तो रसिक नव्हे. निवेदिका जॅझचा जन्म न्यू ऑर्लिन्सचा, हे सांगते. ते बरोबरच आहे, पण मुंबईचंही दोन ओळीत सांगावं की. १९३५ साली लिऑन ॲबीचा बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजला, पुढे गोव्याचे वादक त्या बँडांत शिरले आणि तिथून सिनेमात. सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदातला चिक चॉकलेट या वादकाचा ट्रम्पेट आपल्या आजोबांनी रेडिओवर ऐकलेला आहे. त्याला जॅझ म्हणतात हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, एवढंच.

बसायचं कुठे? पहिल्या रांगेत ट्रॉम्बोनसमोर मुळीच नाही. त्याची नळी पूर्ण पुढे आली की दोन फुटांहून जास्त येते आणि तुमचा ग्लास घेऊन जाते. ट्रम्पेटवाला मधूनच एक छोटा खटका दाबून जमिनीवर पाणी सोडतो. ती थुंकी नव्हे, बहुतेक फुंकीच्या वाफेचं पाणी असतं, हे खरं आहे, पण कोल्हापुरी चपलेला सांगून पटत नाही. सॅक्सच्या तोंडासमोरून जरा बाजूला, दहा-बारा फुटांवर, ड्रमच्या झांजांपासून दूर आणि कूलरच्या तिरक्या वाऱ्यात, ही जागा सोन्याची. तिथे आयोजकांचे नातेवाईक बसलेले असतात.

कळायला जॅझ अवघड नाही, बैठकीला बसलेल्या नागपूरकराला तर मुळीच नाही. सुरुवातीला चीज, म्हणजे बंदिश, वाजते, तिला जॅझवाले ‘हेड’ म्हणतात. मग त्याच आवर्तनावर एकेकाची उपज, आणि शेवटी पुन्हा चीज. ब्लूजचं आवर्तन बारा बारचं, एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस. मिनिटाला १२० च्या लयीत ते चोवीस सेकंदांत फिरतं. एवढं धरून ठेवलं की सोलो कुठे संपतोय ते आपोआप कळतं. तिथे टाळी द्यायची, म्हणजे पुढच्याचा सोलो सुरू झालेला असताना. हे आपल्याला उर्मटपणाचं वाटतं, पण तिकडची रीतच आहे. शेवटी ड्रम आणि बाकीचे चार-चार बार वाटून घेतात, तो आपला सवाल-जवाब.

अडतं ते हातांच्या टाळीवर. आरतीपासून आपला हात पहिल्या मात्रेवर पडतो, आणि जॅझमध्ये ड्रमवाल्याचा डावा पाय झांज मिटतो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पन्नास जण एक-तीनवर, तो एकटा दोन-चारवर. पन्नास जिंकतात. हुशार पियानोवाला अशा वेळी मध्येच एक मात्रा वाढवून टाकतो आणि सगळी खोली नकळत बरोबर मात्रेवर येते. दोन मिनिटं टिकतं. मग मागून कुणीतरी उत्साहानं पुन्हा आरती धरतो.

बासच्या सोलोचं मात्र वाईट वाटतं. तो सुरू झाला की बाकीचे हात खाली घेतात, खोली एकदम शांत होते, आणि खोली शांत झाली की नागपूरकराला बोलायचं आठवतं. कॅफेच्या किचनला त्याच क्षणी कोल्ड कॉफीसाठी मिक्सर लावायचा असतो. बासचा सर्वात खालचा सूर ४१ हेलकाव्यांचा, कानापेक्षा खुर्चीला आधी कळणारा, आणि त्याच्यासमोर मिक्सर. आयोजकांनी किचनला एकच गोष्ट शिकवावी. दाढीवाला पुढे वाकून एकटाच वाजवायला लागला की मिक्सर नाही.

‘काय वाजवून राहिले बे हे?’

‘जॅझ.’

‘ते समजलं. पण गाणं कोणतं?’

आणि मग लाईन जाते. एप्रिलअखेरचा लोड, साडेनऊची वेळ, जाणारच. पियानो गप्प, ॲम्प गप्प, माईक गप्प. सॅक्स आणि ड्रम थांबत नाहीत, कारण त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आणि कूलर बंद पडतो. इतका वेळ धैवत देत बसलेली ती घूं गेली की ड्रमच्या कातड्यावरून फिरणारा ब्रश ऐकू येतो, सॅक्सवाल्याचा श्वास ऐकू येतो, बटणांची टकटक ऐकू येते. कुणी हलत नाही. मोबाईलचे दिवेही कुणी लावत नाही. अंधारात सगळे जण पहिल्यांदाच ऐकत असतात, कपाळावरून घाम ओघळत असतो, आणि कुणाचा तरी पाय दोन-चारवर, अगदी बरोबर, जमिनीवर पडत असतो.

तीन मिनिटांनी लाईन येते. सगळी खोली ‘आलीऽऽ’ म्हणून टाळ्या वाजवते, पहिल्या मात्रेवर, आणि कूलर पांढरी पाच लावतो.