वर्षभरात अख्खं शास्त्र

वर्षभरात अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून काढायचं, तेही सगळ्या घराने मिळून, हा संकल्प आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत वर्षअखेरच्या उपासनेहून परतल्यावर, नाताळचा केक अजून उरलेला असताना केला जातो. हिशेब फसवा सोपा आहे. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की आठवड्याचे २३, बावन्न आठवड्यांचे ११९६. वर सात अध्यायांची सवलत. ती पहिल्याच हळदीत खर्च होते, ते सोडा.

जानेवारी मजेत जातो. उत्पत्तीत, म्हणजे पहिल्याच पुस्तकात, भाऊबंदकी आहे, सात वर्षं राबवून घेऊन भलतीच मुलगी जावयाच्या गळ्यात मारणारा सासरा आहे, सगळं ओळखीचं. दुसऱ्या पुस्तकात, निर्गमात, समुद्र दुभंगतो तेव्हा पोरं मोबाइल खाली ठेवतात आणि २५व्या अध्यायाला पुन्हा उचलतात, कारण तिथून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मोजमापं सुरू होतात. कोश, म्हणजे त्यातली पवित्र पेटी, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. ३६व्यापासून तीच मोजमापं, या वेळी ‘तसं केलं’ म्हणून, परत.

महिनाअखेरीस लेवीय हे नियमांचं तिसरं पुस्तक येतो आणि बहुतेक संकल्प इथेच गाडले जातात. वाचन जेवणाआधी असेल तर वेळ बदला. अकराव्यात पंख आणि खवले नसलेलं पाण्यातलं काहीही खाऊ नये म्हटलंय, आणि नेमका स्वयंपाकघरातून कोळंबीचा वास येत असतो. घरातल्या कुणाला तरी प्रेषितांच्या कृत्यांचा दहावा अध्याय, जिथे देव पेत्राला असलं सगळं खायला सांगतो, तोंडपाठ असतो, म्हणून कालवण वाचतं. तेराव्यात ५९ वचनं नुसती त्वचेवरच्या चट्ट्यांची. पंधरावा शरीरातल्या स्रावांचा, असा की वाचणारी नात आणि ऐकणारे आजोबा एकदमच भिंतीकडे बघू लागतात. भिंतीचं म्हणाल तर तिची सोय चौदाव्यात झालेली आहे: हिरवट-तांबूस डाग दिसले की याजक येण्याआधी घर रिकामं करायचं, मग सात दिवस बंद, डाग पसरला तर दगड काढून भिंती खरवडायच्या, नवा गिलावा द्यायचा. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमबद्दल हे नियम सांगणारा मोशे काही बोलत नाही, ही एक उणीव.

पुढच्या आठवड्यात गणनेचा, म्हणजे चौथ्या पुस्तकाचा, सातवा अध्याय, वचनं ८९. बारा सरदार बारा दिवस अर्पणं आणतात. प्रत्येकाचं १३० शेकेलांचं (शेकेल हे तेव्हाचं वजन) चांदीचं ताट, ७० शेकेलांचा कटोरा, धूपाने भरलेलं दहा शेकेलांचं सोन्याचं पात्र आणि तीच जनावरं. गावाकडच्या लग्नात माइकवरून आहेर वाचतात तसं बारा वेळा. हा अध्याय बारा जणांत वाटून द्यावा. माणसं कमी पडली तर पाहुणे बोलवावेत.

माझं स्पष्ट मत आहे की सलग वाचूच नये. सोमवार ते शनिवार दोन अध्याय जुन्या करारातले (येशूच्या आधीची पुस्तकं), एक नव्यातला (येशू आणि त्यानंतरची); रविवारचे पाचही जुन्यातले. नवा करार ऑक्टोबरअखेर संपतो, मग तिन्ही जुन्यातले घ्यायचे. डिसेंबरला बरोबर पोचता, आणि लेवीयाच्या दिवसांत निदान मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूची गोष्ट, सोबतीला असतं. स्तोत्र ११९ एका बैठकीत रेटू नये. त्यात आठ-आठ वचनांचे २२ भाग आधीच पाडलेले आहेत. नावांच्या याद्या घरातल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाकडे द्याव्यात. हसर्मावेथ जो न अडखळता म्हणेल त्याचा उच्चार बरोबर. पाठांतराला ‘येशू रडला’ हे दोनच शब्दांचं वचन एका मुलाने एकदाच वापरावं. शेवटच्या प्रार्थनेला आत्या असतील तर कुकरखालचा गॅस आधी बंद करा. त्या नगरपासून दुबईपर्यंतच्या नातेवाइकांना नावानिशी आठवतात.

गणनेच्या २७व्या अध्यायाला मात्र अख्खं घर टक्क जागं असतं. सलाफहादला मुलगा नाही. त्याच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेपुढे उभ्या राहून बापाच्या जमिनीत वाटा मागतात, आणि परमेश्वर सांगतो की मुलींचं म्हणणं रास्त आहे. माहेरी आलेल्या आत्या हे वचन परत वाचायला लावतात. थोरल्या काकांना तेवढ्यात ३६वा अध्याय आठवतो: वंशातल्या पुरुषमंडळींनी तक्रार केली आणि त्या मुलींनी आपल्याच वंशात लग्न करायचं ठरलं, म्हणजे जमीन बाहेर जायला नको. तेव्हा पाळ्या लावताना २७वा आत्यांकडे आणि ३६वा काकांकडे जाईल असं बघा, आणि त्या दोन्ही दिवशी सातबारा कपाटात कुलूप लावून ठेवा.