गोंद, गोगलगाय आणि प्रवाळाची फांदी

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या अॅक्रोपोरा या प्रवाळाची फांदी नवं प्रवाळ वाढवायला तोडायची तर धाडस लागतं, हा मोठा गैरसमज आहे. बोन कटर, म्हणजे हाडं कापायची कात्री, लावला, कट्ट आवाज आला, दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा हातात. सांगाडा चुनखडीचाच, तुटणारच तो. डोळ्यांवर चष्मा असू द्या, कपच्या उडतात. छळ सुरू होतो त्यानंतर, सायनोअॅक्रिलेट जेलची, म्हणजे घट्ट सुपरग्लूची, ट्यूब उघडली की.

हा गोंद ओलाव्याने घट्ट होतो. आणि मी बसलेलो असतो टाकीशेजारी, ओल्या हातांत ओला तुकडा धरून. तेव्हा प्लगच्या, म्हणजे तुकडा चिकटवायच्या छोट्या बैठकीच्या, आधी बोटांचा नंबर लागतो. नायट्राइलचे हातमोजे घालावेत. चिकटले तर काढून ठेवता येतात, बोटांबाबत ती सोय नाही. प्लग कोरडा पुसायचा, वाटाण्याएवढा जेलचा थेंब, तुकडा दाबायचा आणि लगेच पाण्यात बुडवायचा. वर साय धरते, आत हळूहळू आवळतं. पातळ गोंद घेऊच नये, तो ओघळून जिवंत आवरणावर बसतो.

चिकटवण्याआधी डिप, म्हणजे किडे पाडणाऱ्या औषधाच्या पाण्यात बुडवणं. अॅक्रोपोरा खाणारे चपटे किडे फांदीच्याच रंगाचे असतात, डोळे फाडून पाहिलं तरी दिसत नाहीत. डिपमध्ये ते गळून पडतात, पण अंडी शाबूत राहतात, म्हणून काही आठवडे, दर आठवड्याला एकदा, तेच परत. अंडी बहुधा बुडाच्या उघड्या सांगाड्यावर असतात. तो भाग कापून सरळ फेकून द्यावा. इथे काटकसर करणारा माणूस पुढे सगळी टाकी किड्यांना जेवायला वाढतो.

हॅमर कोरल या मांसल प्रवाळाची गोष्ट वेगळी. फांद्यांचा प्रकार असेल तर मांसल भागाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली, नुसत्या सांगाड्यावर करवत चालवायची. भिंतीसारखा सलग वाढणारा असेल तर करवत खाली ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे मांसच चिरावं लागतं आणि जखम कुजायला निमित्त मिळतं.

एवढं करून तुकडा टाकीतल्या भोकांच्या रॅकवर बसवला की रात्री शेवाळ खाणारी टर्बो गोगलगाय फिरायला निघते. अख्खी काच मोकळी असते, पण तिचा रस्ता नेमका प्लगवरूनच जातो. सकाळी तुकडा वाळूत तोंड खुपसून पडलेला. प्लगचा देठ रॅकच्या भोकात घट्ट बसायलाच हवा.

मग सुरू होते आपली हाताची खाज. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता) ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास, तापमान २५-२६ अंश, इतकं पुरतं. आकडा जरा हलला की भसकन रसायनांचा डोस ओतणारे तुकडे मारतात. एका दिवसात १ डीकेएचहून मोठा झोका बसला तर बुडापासून आवरण सोलत जाऊ शकतं. उजेडही सुरुवातीला कमीच, मग पायरीपायरीने वर.

शेवटी आसनव्यवस्था. हॅमरच्या लांब सोंडा रात्री शेजाऱ्यांना डंख मारतात, म्हणून अॅक्रोपोरा पंधरा-वीस सेंटिमीटर लांब. रॅकवर तेवढी जागा कधीच नसते, म्हणून दुसरा रॅक येतो, आणि रॅक रिकामा दिसला की बोन कटर आपोआप हातात येतो.