‘ताई, हे भरतकाम झालं’ : तारेच्या विणीवरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

दोन रंगांच्या तारांनी निम्फचं, म्हणजे पाण्याखालच्या किड्यासारख्या दिसणाऱ्या फ्लायचं (गळावर बांधलेल्या कृत्रिम आमिषाचं) अंग कसं विणायचं, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहिते. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एक विणलेली निम्फ होईपर्यंत चार-पाच साध्या ब्रासी, म्हणजे नुसती तार गुंडाळलेल्या फ्लाय, बांधून होतात. पाण्यात निम्फ गडगडत जाते, त्यामुळे पाठ काळी आणि पोट पिवळं ठेवण्यात अर्थ नाही, हे अमेरिकन मासेमार चार्ल्स ब्रुक्सने कधीच सांगून ठेवलं आहे. तारेचं अंग ताठ, निर्जीव असतं. तुम्ही स्वतः विणून पाहिलंत तेव्हा तार तुटली. आणि शेवटी, “ताई, हे भरतकाम झालं, मासेमारी नव्हे. मासा टाके मोजत नाही.”

मासा टाके मोजत नाही, हे खरंच आहे. पण वीण शोभेसाठी आली, हे मला मान्य नाही. फ्लायमध्ये विणकाम रुजवणारा मोठा माणूस म्हणजे अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या मिसूलाचा फ्रान्झ पॉट. जर्मनीहून आलेला हा कारागीर केसांचे टोप बनवायचा. केस दोऱ्यात ओवून पक्के बसवायचं ते कसब त्याने फ्लायसाठी वापरलं. त्याच्या ‘माइट’ फ्लाय, म्हणजे सँडी माइट, लेडी माइट वगैरे, जनावरांच्या ताठ केसांच्या असत आणि त्यांच्या पोटाखालून रंगीत पट्टा विणलेला असे. त्या विकत घेणारी माणसं नदीवर जाणारी होती. दगडांवर आपटून लवकर उसवणार नाही अशी फ्लाय त्यांना हवी होती. पुढे ब्यूट गावच्या जॉर्ज ग्रँटने बिग होल नदीसाठी चपट्या, कडक अंगाच्या स्टोनफ्लाय (नदीतल्या दगडांखाली वाढणारा किडा) निम्फ बांधल्या आणि केस विणण्याच्या आपल्या पद्धतीचं पेटंटही घेतलं. तो 1906 साली जन्मला आणि 2008 साली गेला. त्या दीर्घ आयुष्यातला केवढा तरी काळ त्याने एका नदीसाठी आणि तिच्या रक्षणासाठी दिला. मला हा माणूस फार मोठा वाटतो, म्हणून ‘भरतकाम’ हा शब्द लागला. भरतकामाला कमी लेखलेलंही मला आवडलं नाही, पण तो वाद इथला नव्हे.

आता ब्रुक्स. तुमच्या प्रतिक्रियेतला हा सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि तो तुम्ही काढलात याचा मला आनंद झाला. वेस्ट यलोस्टोनजवळ राहणारा हा माणूस मॅडिसनसारख्या नद्यांत पाण्याखाली उतरून बघायचा. प्रवाहात निम्फ लोळते, मग पोटाचा वेगळा रंग मध्येच वर येतो आणि माशाला ते खटकतं, असा निष्कर्ष त्याने काढला. म्हणून त्याची स्टोनफ्लाय चहूबाजूंनी सारखी असते. कुठूनही पाहा, तीच फ्लाय.

पण तो मासे कसा धरायचा, हेही सोबत पाहायला हवं. बुडणारी लाइन, तिच्या टोकाला आखूड लीडर (बारीक दोरी), जड फ्लाय आणि खोल, जोराचं, दगडांवरून उसळणारं पाणी. तशा पाण्यात फ्लाय प्रवाहाच्या ताब्यात असते. तिथे मीसुद्धा ब्रुक्सचंच ऐकेन. मी ज्या पद्धतीसाठी विणते ती वेगळी आहे. दोरी ताणलेली, फ्लाय जवळजवळ काठीच्या टोकाखाली, हात तिला पुढे नेतो आहे. पोलंडच्या विणलेल्या निम्फ अशाच आखूड, ताणलेल्या दोरीवरच्या मासेमारीत वाढल्या. तिथे फ्लाय गळाच्या डोळ्याकडून, म्हणजे दोरी बांधायच्या भोकाकडून, धरलेली असते. ती डुलते, थोडी कलते, पण सैल सोडलेल्या फ्लायसारखी कोलांट्या खात नाही. अशा वेळी पाठ-पोटाचा फरक टिकतो.

तो आणखी टिकवायचा असेल तर वजन कुठे ठेवता हे बघा. निव्वळ वीण फ्लायला सरळ ठेवू शकत नाही, कारण वरची आणि खालची तार साधारण सारख्याच वजनाची. म्हणून विणण्याआधी गळाच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना जाड, शिसं नसलेल्या तारेचा एकेक तुकडा दोऱ्याने आवळून बसवायचा. त्याने अंगाचा आकार खऱ्या स्टोनफ्लायसारखा चपटा होतो आणि विणीचा सांधा, म्हणजे दोन रंग जिथे मिळतात ती रेघ, नेमका कडेला बसतो. फ्लाय जरा खालच्या बाजूला जड हवी असेल तर हे तुकडे किंचित खाली सरकवा. आणि जिग, म्हणजे डोळ्याजवळ वाकवलेल्या गळावर विणत असाल तर रंग उलटे करा. जिग पाण्यात टोक वर करून चालतो. व्हाइसमध्ये (गळ पकडायच्या शेगड्यात) वर दिसणारी बाजू पाण्यात पोट होते, म्हणून गडद तार खालून आणि फिकी वरून न्यायची. बाजारातल्या कितीतरी विणलेल्या जिग या बाबतीत चुकीच्या बांधलेल्या दिसतात, आणि त्या पाहून कोणी वीण निरुपयोगी ठरवली तर दोष विणीचा नाही.

वेळेबद्दल. साधी गुंडाळलेली तार आणि वीण यांची तुलना तुम्ही केलीत, तर दोन्हींचं काम वेगळं आहे हे आधी धरा. ब्रासी 1960च्या दशकात कोलोरॅडोच्या साउथ प्लॅट नदीसाठी जन्मली. तांब्याची तार, डोक्याशी थोडी लव, संपलं. अठरा-वीस नंबरच्या गळावर (नंबर मोठा तितका गळ लहान) मिज, म्हणजे डासासारखा बारीक किडा, दाखवायचा असेल तर त्याहून चांगलं काही नाही. तिथे मी कधीच विणणार नाही, कारण एवढ्या बारीक अंगावर दोन रंग वेगळे दिसतच नाहीत. दोन वेगळ्या रंगांच्या तारा शेजारी-शेजारी गुंडाळल्या तर कड्यांचे पट्टे मिळतात, तेही छान दिसतात. पण पाठ गडद आणि पोट फिकं, आणि तरीही सगळं अंग तारेचं, म्हणजे बारीक राहून जड, हे गुंडाळून होत नाही. तांब्याची घनता पाण्याच्या 8.96 पट, शिशाची 11.34 पट. शिशाच्या इतकं जवळ जाणारं आणि रंगीत मिळणारं दुसरं काही सहज हाती लागत नाही. यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानात शिशाचं सामान चालतच नाही, तेव्हा हा फरक तिथे कागदावरचा राहत नाही. टंगस्टनचा मणी याहून खूप जड, पण त्याचं सगळं वजन डोक्यात एकवटतं. तारेचं वजन अंगभर पसरतं, आणि पाण्यात बुडताना फ्लाय नाकावर उभी राहत नाही.

ताठपणाचा आक्षेप मला अर्धाच पटतो. दगडाखालची स्टोनफ्लाय निम्फ हातात घेऊन पाहा. तिचं मागचं अंग कवचाचं असतं, ते काही लवलवत नाही. हलतात ते पाय आणि कल्ले. म्हणून तार फक्त मागच्या भागाला आणि छातीला मऊ काहीतरी हवं. मी तितराच्या पिसाचा एक वेढा आणि सैल डबिंग (दोऱ्यावर पिळलेली लव) वापरते. संपूर्ण अंग, अगदी डोळ्यापर्यंत, तारेने विणलेली फ्लाय मात्र खरोखर निर्जीव दिसते. ती मीही कोणाला सुचवणार नाही.

तार तुटण्याचं कारण तुमच्या वर्णनावरून बहुधा कळतंय. तुम्ही लिहिलंत की गाठ सैल वाटली म्हणून मागे उलगडून पुन्हा घातली. रेशमी फ्लॉसला ते चालतं. तांब्याला चालत नाही. तांबं एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवलं की कडक होत जातं आणि तिथेच तुटतं. गाठ चुकली तर जागेवरच नखाने मागच्या गाठीला चिकटवा आणि पुढे चला. ओढताना दोन्ही तारांना सारखाच ताण द्या, एकीला जास्त ओढलं की सांधा कडेवरून पाठीवर चढतो. चिमटा वापरत असाल तर त्याला दाते नकोत, दात्यांनी रंगाचा थर खरवडला जातो आणि खालचं लाल तांबं डोकावतं.

गाठीचा क्रम पुन्हा एकदा सांगते. गळाचा डोळा स्वतःकडे फिरवा. एक तार डावीकडे, एक उजवीकडे. गडद तार वरून पलीकडे जाते, फिकी खालून अलीकडे येते आणि दोघी दोन्ही कडांना एकमेकींत अडकतात. प्रत्येक गाठीनंतर त्यांच्या बाजू बदलतात, म्हणून पुढची गाठ आरशातल्यासारखी उलटी येते. तुमचा घोटाळा होतो तो इथे. हात डावा-उजवा विचार करत असतो, त्याने फक्त ‘गडद वरून, फिकी खालून’ एवढंच धरायचं. आधी दोऱ्याचा पाया घट्ट घालून त्यावर सायनो (झटपट चिकटणाऱ्या) गोंदाचा पातळ हात फिरवला की वीण दांड्याभोवती फिरत नाही. शेवटी कात्री लावू नका. दोऱ्याने बांधून झाल्यावर तार गोल-गोल फिरवा, ती बांधल्या जागीच सफाईने तुटते आणि टोक बोचत नाही.

तुम्ही हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात ब्राउन ट्राउट माशासाठी जाता आणि रंगीत तार पुण्यात मिळत नाही, असंही लिहिलंय. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात इनॅमल चढवलेली तांब्याची तार वजनावर मिळते. 34 गेज म्हणजे जाडी सुमारे 0.23 मिलिमीटर, 32 गेज म्हणजे 0.27. बारा-चौदा नंबरच्या गळाला यातली कोणतीही चालेल, फक्त दोन्ही तारा एकाच गेजच्या घ्या. वाइंडिंगच्या तारेत बहुतेक तांबूस ते गडद तपकिरी एवढ्याच छटा मिळतात, पण पाठीला गडद तपकिरी आणि पोटाला फिकी तांबूस हा जोड दगडाखालच्या किड्यांसाठी वाईट नाही. नदीवर पोचल्यावर आधी चार दगड उलटून पाहा. तिथे किड्यांचं पोट आणि पाठ एकाच रंगाची दिसली, तर विणत बसू नका, सरळ ब्रासी लावा. वेगळी दिसली, तर पहिली वीण आठ किंवा दहा नंबरच्या लांब दांड्याच्या गळावर घाला. जागा मोठी असली की हाताला क्रम लवकर बसतो. मग बारा नंबरला उतरा.