न ऐकता रसिक व्हावे ते असे

गोव्यात राहून ‘मला गाण्यातले काही कळत नाही’ असे चारचौघांत कबूल करण्याची हिंमत सहसा कोणी करत नाही. तुम्हीही करू नका. इथे गावागणिक देऊळ, देवळागणिक भजनी मंडळ आणि मंडळागणिक पेटीवाला की तबलजी मोठा यावरून एक जुने भांडण असते. अशा भूमीत रसिक म्हणून नाव कमवायला पूर्वी रात्र रात्र जागून ऐकावे लागे. आता तारखा पाठ केल्या की भागते. कोण कधी जन्मले, कोण कधी गेले, कशाला किती वर्षे झाली, एवढे सकाळी सहाच्या आत मोबाइलवर टाकता आले की तुम्ही जाणकार. वेळ मात्र पाळा. साडेसहाला वाहिलेली आदरांजली ही दुसऱ्या कोणाची तरी पुढे ढकललेली समजली जाते, आणि बहुधा ती असतेच.

आरंभ मंगेशीपासून करा. मास्टर दीनानाथांचा जन्म तिथलाच, २९ डिसेंबर १९००. हिशेबाला इतके सोयीचे वर्ष दुसऱ्या कोणी निवडलेले नाही. अडचण एकच. त्या दिवसांत वर्षअखेरीचे अर्धे पर्यटक भाड्याच्या गाड्या घेऊन देवदर्शनाला निघालेले असतात आणि मंगेशीच्या रस्त्यावर भक्तिभावापेक्षा हॉर्न जास्त ऐकू येतात. म्हणून दीनानाथांना घरूनच वंदन करावे. पणजीला कला अकादमीच्या नाट्यगृहाला त्यांचेच नाव आहे, तिथे एखाद्या कार्यक्रमाला जाऊन बसणे हाही मार्ग आहे म्हणा. पण मग तो कार्यक्रम ऐकावा लागतो.

पुढचा धडा मुळाचा. लताबाई २८ सप्टेंबर १९२९ला इंदूरला जन्मल्या, आशाबाई ८ सप्टेंबर १९३३ला सांगलीकडे. हे दोन्ही तपशील पोस्टमधून गाळावेत. आडनावात गोव्यातले गाव आले आणि शेवटी ‘कर’ आला की जन्मदाखला बघायचा नसतो. किशोरीताई आमोणकर मुंबईच्या म्हणून कोणी अडवलेच, तर आई, मोगूबाई, कुर्डीची एवढे सांगून गप्प करावे. कुर्डी कुठे आहे हे मात्र विचारू देऊ नये, कारण ते गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की दिसते, तेव्हा मूळचे गावकरी जमून देवाचा उत्सव करतात. मोगूबाई कुर्डीकरांची जयंती १५ जुलैला, म्हणजे ऐन पावसात, गाव पाण्यात असताना. तेव्हा जन्मगावी जाऊन हार घालण्याची जबाबदारी निसर्गाने परस्पर काढून घेतली आहे. धरणाचे पाणी दक्षिण गोव्याच्या नळांना येते. मडगावात राहत असाल तर त्या सकाळी नळ सोडून एक तांब्या भरून ठेवा, आणि ‘मोगूबाईंच्या गावचे तीर्थ’ म्हणून त्याचाच फोटो टाका.

मोगूबाईंच्या दोनच दिवस आधी, १३ जुलैला, केसरबाई केरकरांची जयंती असते. त्यांचा जन्म १८९२चा, मोगूबाईंचा १९०४चा. दोघीही जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. दोन पोस्ट करण्याचा कंटाळा असेल तर मधली १४ तारीख घ्या. ती दोघींपैकी कोणाचीच नाही, त्यामुळे कोणावर अन्याय होत नाही. फोटोचीही फार चिंता नको. डोक्यावर पदर, कपाळावर मोठे कुंकू, हातात तानपुरा, रंग कृष्णधवल, एवढे असले की जयपूर घराण्याची कोणतीही बाई कोणाच्याही नावाखाली खपते. खाली लोक ‘शत शत नमन’ लिहितात, तोंडवळा कोणी बघत नाही.

केरी कुठली हा प्रश्नही मोकळाच ठेवावा. केसरबाईंची केरी फोंडा तालुक्यातली. पण सत्तरीत एक केरी आहे आणि पेडण्यात समुद्राकाठीही आहे. नुसते ‘केरीची सुकन्या’ लिहिले की तिन्ही गावांतून अंगठे येतात. फोंडा असा खुलासा करून दोन तृतीयांश चाहते गमावणारे लोक माझ्या पाहण्यात आहेत. अभ्यास जास्त झाला की असे होते.

आता १९७७. हे एक वर्ष नीट घोकलेत तर जन्माची बेगमी होईल. १६ ऑगस्टला एल्विस प्रेस्ली गेला, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. चारच दिवसांनी, २० तारखेला, नासाचे व्हॉयेजर २ हे अंतराळयान सुटले आणि ५ सप्टेंबरला व्हॉयेजर १. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यावर जगभरातले संगीताचे २७ तुकडे आहेत. बाख आहे, बेथोव्हन आहे, चक बेरी आहे आणि भारताकडून एकट्या केसरबाई, भैरवीतली ‘जात कहाँ हो’. दुसरे यान सुटल्याला पुरते दोन आठवडे झाले नव्हते, १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्याच दिवशी पॅरिसमध्ये ऑपेरा गायिका मारिया कॅलास गेली. आणि १६ सप्टेंबर हाच एम. एस. सुब्बुलक्ष्मींचा जन्मदिवस, साल १९१६. एकाच सकाळी दोन पुण्यतिथ्या आणि एक जयंती! तीन खंडांत कोणालाही सुनावता येईल असा ऐवज आहे, तो एका पोस्टमध्ये उधळू नका. कॅलास दुपारी टाका. युरोपात तेव्हा सकाळ असते.

व्हॉयेजर १ आता पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरांपेक्षा लांब गेले आहे. हा आकडा जरूर लिहा, छाती फुगते. ती भैरवी मात्र ऐकलीच पाहिजे असे नाही. जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे, पण तेवढ्या वेळात चार वाढदिवस उरकतात. शिवाय यानाच्या वाटेवरही ती अजून कोणी ऐकल्याचे कळवलेले नाही. तेव्हा ओशाळण्याचे कारण नाही, अख्खी सूर्यमाला तुमच्या बाजूने आहे. ‘नासाने निवडली’ एवढे म्हणावे. नासाला भैरवी कळते म्हटल्यावर तुम्हाला कळण्याची गरज उरत नाही.

मैलाचे दगड सांगताना आकडा नेहमी वरच्या बाजूला गोल करावा. लताबाईंनी गाणी किती गायली? गिनीज बुकाने १९७४मध्ये पंचवीस हजारांहून कमी नाहीत असे छापले, धरले होते १९४८पासून. सव्वीस वर्षांत पंचवीस हजार म्हणजे रोज अडीचहून जास्त, चवथ-दिवाळी धरून, सर्दी-पडसे धरून. रफीसाहेबांनी हरकत घेतली, आपली गाणी जास्त आहेत म्हणाले. पत्रापत्री झाली, १९९१ला गिनीजने तो विक्रमच काढून टाकला, आणि २०११मध्ये आशाबाईंच्या नावे अकरा हजारांपर्यंतचा आकडा घातला. हिंदी चित्रपटगीतांचे कोश करणाऱ्यांनी एकेक गाणे मोजून पाहिले, तेव्हा पंचवीस हजार कुठल्या कुठे राहिले. पण मोजणारी माणसे अशीच, लग्नाच्या पंगतीतही पाने मोजतील. तुम्ही ‘पन्नास हजार’ लिहा. बाईंचे मोठेपण पाच हजारांत मावत होते, हे सिद्ध करायला ती गाणी ऐकावी लागतील, आणि आपण तर सुरुवातीलाच ठरवले आहे.

तारीख चुकली म्हणून कोणी बोट ठेवले तर घाबरू नका. जॅझवाला लुई आर्मस्ट्राँग जन्मभर ४ जुलै १९०० हा आपला वाढदिवस म्हणून सांगत राहिला. तो गेल्यावर बऱ्याच वर्षांनी चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याची नोंद सापडली, तर ४ ऑगस्ट १९०१. म्हणजे आपल्या किशोरकुमारचाच दिवस, फक्त किशोरचे साल १९२९. बेथोव्हनच्याही बाप्तिस्म्याचीच तारीख पक्की आहे, १७ डिसेंबर १७७०, जन्माची नाही. आपल्याकडे तर तिथी नावाची अप्रतिम सोय आहे. तारखेला विसरलात तर तिथीने करता, तिथीला विसरलात तर तारखेने केली होती म्हणता. दोन्ही विसरलात तर पुढच्या वर्षी ‘वर्षारंभ’ करता आणि वर्षभर पुरवता.

काही तारखा मात्र गोव्यात जरा जपून वापराव्या लागतात. ६ फेब्रुवारीला रेगे गायक बॉब मार्लीचा वाढदिवस, १९४५चा. हणजुण्याच्या बाजारात त्याची मुद्रा छापलेले इतके सदरे टांगलेले असतात की तो इथल्याच कुठल्या कोमुनिदादीचा (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा) गांवकार असावा असे वाटते. २०२२पासून त्याच तारखेला लताबाईंची पुण्यतिथीही येते. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये दुपारपासून मार्ली, अलीकडच्या वाड्यावर देवळाच्या कर्ण्यातून लताबाई, आणि मधल्या माडांत राहणाऱ्या माणसाला दोघांतले काहीच धड ऐकू येत नाही. तो खरा आपल्या पंथाचा. ८ जानेवारीला एल्विस आणि डेव्हिड बोवी यांचे जन्मदिवस आणि साखळीच्या रामदास कामतांची पुण्यतिथी. इथे इंग्रजी शाळेतल्या मित्रांचा गट आणि नाट्यसंगीताचा गट यांत गल्लत करू नका. कामतांच्या फोटोखाली ‘हॅपी बर्थडे किंग’ लिहून मोकळे झालेल्याला साखळीच्या बाजारात पुन्हा तोंड दाखवणे कठीण जाते.

हयात कलावंतांना शुभेच्छा देणे मी शक्यतो टाळायला सांगतो. शिवोलीचे पॉप गायक रेमो फर्नांडिस ८ मे १९५३चे. पण हयात माणूस उलट उत्तर देऊ शकतो, तुमच्या आवडीचे गाणे कोणते असेही विचारू शकतो. पुण्यतिथीत हा धोका नाही.

किशोरीताई ३ एप्रिल २०१७ला गेल्या आणि त्यांची जयंती १० एप्रिलला, तेव्हा एकच फोटो सात दिवसांत दोनदा वापरता येतो. मैफलीत कुजबुज झाली की त्या गाणे थांबवायच्या, ही आठवण दोन्ही पोस्टमध्ये लिहायची, आणि त्यांच्या स्मृतिमैफलीत पहिल्या रांगेत बसून, विलंबित ऐन भरात असताना, ती पोस्ट किती जणांनी पाहिली ते तपासायचे. स्क्रीनचा उजेड गायिकेच्या डोळ्यांवर पडेल असा फोन धरला की तिलाही कळते, जाणकार आले आहेत.

कोणाला विसरायचे हेही सांगून ठेवतो. रेकॉर्डच्या वेष्टनावर ज्याचे नाव नाही त्याला वाढदिवस नसतो. संगीतकाराने गुणगुणलेली चाल पन्नास-साठ वादकांना वाजवता येईल अशी कागदावर उतरवायची, व्हायोलिनने कुठे उठायचे, ट्रम्पेटने कुठे गप्प बसायचे ते ठरवायचे, ही कामे मुंबईच्या स्टुडिओंत अनेक वर्षे गोव्याच्या माणसांनी केली. चर्चच्या शाळेत लहानपणी स्वरलेखन शिकलेली ही मुले. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्रांकडे हळदोण्याचे चिक चॉकलेट, आणखी फ्रँक फर्नांड. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस १९२७चे. प्यारेलालना व्हायोलिन त्यांनी शिकवले. शिष्याने गुरुदक्षिणा म्हणून त्यांचे नाव ‘अमर अकबर अँथनी’तल्या एका गाण्यात घातले, पुन्हा १९७७च! पडद्यावर अमिताभ बच्चन भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येऊन ते नाव सांगतो, आणि तेव्हापासून देशभर समज आहे की अँथनी गोन्साल्विस नावाचा माणूस अंड्यातूनच आला. खरे अँथनी म्हातारपणी गावी येऊन राहिले आणि जानेवारी २०१२मध्ये गेले. गावात नाव विचारणाऱ्याला घर दाखवायला कोणीतरी भेटेल, पण त्यात सकाळ जाते. तुम्ही चित्रपटाच्या वर्धापनदिनी अंड्याचा फोटो टाका.

हे सगळे साधले की मोठ्या कामाला लागा. २०२९ जवळ येते आहे. २१ सप्टेंबरला मंगेशीच्याच पंडित जितेंद्र अभिषेकींची जन्मशताब्दी, बरोबर सात दिवसांनी लताबाईंची, आणि त्याआधी ४ ऑगस्टला किशोरकुमारची. असे वर्ष पुन्हा हाताला लागणार नाही, म्हणून समिती आत्ताच नेमा. अध्यक्ष राजकारणातला हवा, स्वागताध्यक्ष हॉटेलवाला, कार्याध्यक्ष तुम्ही. पंचायतीचा एक पंच घ्या, नाहीतर मांडवाचा परवाना अडतो. देवळाची अग्रशाळा, म्हणजे आवारातली धर्मशाळा, आधी धरून ठेवा, सप्टेंबरात पावसाचा भरवसा नसतो. स्मरणिका काढा, तिच्यात जाहिराती मध्ये आणि गवय्ये कडेला. गाणारा स्थानिक, होतकरू घ्यावा, म्हणजे मानधनाऐवजी संधी देता येते. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, सत्कार, सत्काराला उत्तर, अध्यक्षीय भाषण आणि आभार यांतून वेळ उरलाच तर त्याला दहा मिनिटे द्या. तानपुरे लागायलाच आठ जातील, पण ते त्याने घरून लावून आणावेत असे पत्रात आधीच कळवून ठेवा.