हरित समितीच्या नूतन समन्वयकांस

महाविद्यालयाच्या हरित समितीचे समन्वयकपद आपल्याकडे आले असेल, तर प्रथम अभिनंदन. आणि ज्या बैठकीत ते ठरले तिला आपण गैरहजर होतात म्हणूनच ते आपल्याला मिळाले, हे मनाला लावून घेऊ नये. नॅक या महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेसाठी तयारी करताना पर्यावरणाचे काम विद्यार्थी, प्राध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचारी यांनी मिळून केल्याचे दिसावे लागते, म्हणून समितीत हे तिन्ही घटक हवेतच. विद्यार्थी प्रतिनिधी शक्यतो अंतिम वर्षाचा घ्यावा, म्हणजे त्याला काही सुचेपर्यंत तो उत्तीर्ण होऊन गेलेला असतो. शिक्षकेतरांतर्फे कार्यालय अधीक्षकांचे नाव घालावे. कोणी माळीकाकांचे नाव सुचविलेच, तर त्या सूचनेचे स्वागत करून ती पुढील बैठकीवर ढकलावी. कारण गेल्या वर्षी लावलेल्या रोपांचे पुढे काय झाले हे त्यांना नेमके ठाऊक असते, आणि अशी माहिती इतिवृत्तात शिरली की ठराव एकमताने संमत होत नाहीत.

वृक्षारोपण 5 जूनलाच करावे. त्या दिवशी महाविद्यालयाला उन्हाळी सुट्टी असते आणि महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत मान्सूनही पोहोचलेला नसतो, पण जागतिक पर्यावरण दिन पावसाच्या सोयीने ठरत नाही. छायाचित्र मात्र जिओटॅगचे, म्हणजे ठिकाण नोंदविणारे, घ्यावे. रोप वाळले तरी अक्षांश-रेखांश वाळत नाहीत. पर्जन्यजलसंधारणाचे काम त्याहून सोपे आहे. शंभर चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे 100 लिटर पाणी होते, तेव्हा छताचे क्षेत्रफळ आणि वार्षिक पर्जन्यमान यांचा गुणाकार केल्यास अहवालाला पुरेल इतके पाणी निघते. या गुणाकाराला पन्हळ लागत नाही.

गांडूळखत प्रकल्पाला मात्र थोडी किंमत मोजावी लागते, कारण गांडुळांना सावली, ओलावा आणि बारमाही ओला कचरा लागतो, आणि उपाहारगृहातील तेलकट, खारट, तिखट उष्टे त्यांना सोसत नाही. मे महिन्यात प्राध्यापक सुट्टीवर, विद्यार्थी गावी. खड्ड्यावर पाणी शिंपडायला उरतात त्या सफाईच्या मावशी, ज्यांना हा प्रकल्प कोणत्या विभागाचा आहे हे कोणी सांगितलेले नसते. याच मावशी आर.ओ. यंत्रातून वाया जाणारे पाणी वर्षानुवर्षे बादलीत धरून त्यावर फरशी पुसत आल्या आहेत, हे आपल्या लक्षात आल्यास त्वरित ‘जलपुनर्वापर उपक्रम’ जाहीर करावा, त्यावर परिषदेत शोधनिबंध वाचावा आणि विद्यार्थ्यांना सहभागाची प्रमाणपत्रे द्यावीत. मावशींना उद्घाटनाच्या वेळी बादली धरून उभे राहण्याची विनंती करता येईल. (बादली नवी आणावी.)

खरा धोका वेगळाच आहे. कधी कधी भौतिकशास्त्राचे एखादे प्राध्यापक, वसतिगृहातील एखादी चौकस विद्यार्थिनी आणि महाविद्यालयाचे वायरमन हे समितीला न विचारताच एकमेकांशी बोलू लागतात. विद्यार्थिनी रोज मीटरचे आकडे टिपते, सर त्यांचा आलेख काढतात, आणि वायरमन तो पाहून शांतपणे सांगतात की टाकी भरताच पंप बंद करणारा वरच्या टाकीचा फ्लोट स्विच कधीचा बिघडला आहे, म्हणून टाकी भरून वाहते आणि पंप रात्रभर चालू राहतो. तसा अर्जही त्यांनी पूर्वीच दिलेला असतो. मग किरकोळ खर्चात स्विच बदलला जातो, वीज आणि पाणी दोन्ही वाचतात, आणि ज्याच्या उद्घाटनाला मान्यवरांना बोलवावे, ज्याचा फलक लावावा असे काहीही हाती उरत नाही. एवढ्यावर हे थांबले तर ठीक, पण अशा माणसांना पुढे मागील वर्षांची वीजबिलेही पाहावीशी वाटतात. म्हणून त्यांच्या उत्साहाची जाहीर प्रशंसा करून तिघांना तीन वेगवेगळ्या उपसमित्यांवर नेमावे आणि त्या उपसमित्यांच्या बैठका एकाच दिवशी, एकाच वेळी ठेवाव्यात.