साइडपट्टी, गटार आणि पांढरा पट्टा

जानेवारी आला की रस्ता सुरक्षा अभियान सुरू होतं. चौकात फलक लागतात, कॉलेजच्या मुलामुलींची हेल्मेट रॅली निघते, आरटीओत चालकांसाठी नेत्रतपासणी शिबिर भरतं, ट्रकवाल्यांना गुलाबाचं फूल दिलं जातं. हे सगळं व्हायलाच हवं. डोळे तपासून घेतलेला ट्रकचालक मला रस्त्यावर हवा आहे. पण फेब्रुवारी ते डिसेंबर या अकरा महिन्यांत माणसं ज्या कारणांनी मरतात, त्यातली बरीचशी कारणं रस्त्याच्या कडेला पडलेली असतात आणि ती दूर करायला रॅली लागत नाही, मुरूम लागतो, फावडं लागतं आणि वेळच्या वेळी केलेली पाहणी लागते. महाराष्ट्रात दरवर्षी पंधरा हजारांच्या आसपास माणसं रस्त्यावर जीव गमावतात. देखभाल हीच सुरक्षा, हे आपल्या बांधकाम खात्याने जोवर मनावर घेतलं नाही तोवर हा आकडा खाली येईल असं मला वाटत नाही.

साइडपट्टीचंच, म्हणजे डांबराच्या कडेच्या मातीच्या पट्टीचंच बघा. डांबरी रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर बसतो. रस्ता वर चढतो, साइडपट्टी आहे तिथेच राहते. तिथे मुरूम भरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि डांबराच्या काठाशी समपातळीत आणायचं, एवढंच काम असतं. पण मुरूम नुसता ओतला जातो, दाबला जात नाही आणि पहिल्या मोठ्या पावसात वाहून जातो. मग डांबराचा काठ उघडा पडतो, कुठे चार बोटं, कुठे वीतभर. समोरून एसटी आली की दुचाकीवाला कडेला होतो आणि त्याचं पुढचं चाक काठावरून खाली उतरतं. तो घाबरून हँडल वळवतो, परत वर चढायला बघतो. चाक काठाला घासत जातं आणि गाडी आडवी होते. मागे एका बाजूला पाय टाकून बसलेली बाई डोक्यावर पडते. पंचनाम्यात लिहिलं जातं, ‘गाडीवरील ताबा सुटल्याने’. ताबा का सुटला, त्या काठाची उंची किती होती, हे कुणी पट्टी लावून मोजत नाही. आमच्या तालुक्यातल्या रस्त्यावर हे असे अपघात एकाच पट्ट्यात पुन्हा पुन्हा होत आलेत आणि प्रत्येक वेळी दोष मेलेल्या माणसाच्या माथी गेलाय. याचा मला मनापासून संताप येतो.

पूर्वी रस्त्याला मैलकुली असायचा. ठरावीक लांबीचा रस्ता त्याच्या ताब्यात. गटारात माती साचली की उपसायची, साइडपट्टी खचली की भरायची, वळणावर वाढलेली बाभळ तोडायची, मोरीच्या तोंडाशी अडकलेला पाला काढायचा. वडा-चिंचेच्या बुंध्यांवर चुन्याचे आणि गेरूचे पट्टे ओढायचे, म्हणजे रात्री दिव्याच्या उजेडात झाड लांबून दिसतं. त्याला आपला रस्ता तळहातासारखा माहीत असायचा. कुठे पाणी साचतं, कुठे कठडा हलतोय, कुठे खडी सुटायला लागलीय, हे तो मुकादमाला सांगायचा आणि मुकादमाकडून ते शाखा अभियंत्यापर्यंत जायचं. ही माणसं निवृत्त होत गेली, त्यांच्या जागी नवी आली नाहीत. आता देखभाल म्हणजे निविदा. निविदा निघते खड्डा पडल्यावर. खड्डा पडायच्या आधी रस्त्याकडे बघणारं रोजचं माणूस उरलं नाही, हे या खात्याचं गेल्या काही दशकांतलं सगळ्यात मोठं नुकसान आहे असं माझं ठाम मत आहे. यंत्रं आली, चांगलं झालं, पण गटार तुंबलंय हे यंत्र आपणहून सांगत नाही.

आणि खड्ड्याचं मूळ बहुतेक वेळा गटारातच असतं. डांबराचं आणि पाण्याचं वैर आहे. रस्ता मध्ये थोडा उंच आणि कडेला उतरता ठेवतात तो पाणी गटारात जावं म्हणून. गटार बुजलेलं असलं, किंवा कुणीतरी शेताच्या वाटेसाठी पाइप न टाकताच त्यावर भराव केलेला असला, की पाणी रस्त्यावर थांबतं, भेगांतून खाली जातं, खालची खडी सैल करतं. वरून जड गाड्या जातात आणि आठवडाभरात तिथे खड्डा. मग भर पावसात ट्रॅक्टरमधून खडी-मुरूम आणून ओततात. तो बुजवलेला खड्डा चार दिवसांत पुन्हा उघडतो आणि बाहेर पडलेली खडी सगळीकडे पसरते. त्यावरून घसरणारे दुचाकीवाले वेगळेच. नीट बुजवायचा तर खड्डा चौकोनी कापावा लागतो, आतली माती आणि पाणी काढून कोरडा करावा लागतो, डांबराचा हात मारून मग गरम मिश्रण भरून दाबावं लागतं. हे खात्यातल्या प्रत्येक अभियंत्याला येतं. म्हणून एप्रिल-मे मधली गटार आणि मोऱ्यांची सफाई मला नव्या डांबरापेक्षाही महत्त्वाची वाटते. ती झाली तर अर्धे खड्डे पडणारच नाहीत.

पांढऱ्या पट्ट्यांविषयी तर बोलायलाच हवं. रात्री, पावसात, कुंभार्ली किंवा आंबा घाटात धुकं उतरलेलं असताना ज्याने गाडी चालवलीय त्याला कडेच्या पट्टीची किंमत सांगावी लागत नाही. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर दिवा डोळ्यांवर येतो तेव्हा त्या डाव्या पांढऱ्या रेघेवर नजर ठेवूनच गाडी पुढे न्यायची असते. गरम करून मारतात त्या थर्मोप्लास्टिक रंगावर काचेचे बारीक मणी पेरतात, त्यामुळे दिव्याचा प्रकाश परत आपल्याकडे येतो. मणी कमी टाकले तर पट्टा दिवसा पांढराशुभ्र दिसतो आणि रात्री दिसेनासा होतो. कामाची पाहणी दिवसा होते, हीच तर अडचण. त्यात नवं डांबरीकरण झाल्यावर कित्येक महिने पट्टेच मारले जात नाहीत. काळाकुळकुळीत गुळगुळीत रस्ता, वेग वाढलेला आणि कडा कुठे संपते ते कळत नाही. खराब रस्त्यापेक्षा असा रस्ता जास्त घातक. पट्टे नाहीत, वळणाचे बाणफलक नाहीत, रिफ्लेक्टर नाहीत, तर तो रस्ता पूर्ण झाला असं मानून बिल काढूच नये.

पुलांच्या बाबतीत तर आपण फार मोठी किंमत मोजलीय. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात गेला. दोन एसटी बस आणि इतर गाड्या अंधारात सरळ नदीत गेल्या. पूल तुटलाय हे चालकांना कळायला काही मार्गच नव्हता. नवा पूल ५ जून २०१७ ला, म्हणजे वर्षाच्या आत उभा राहिला. मनावर घेतलं की हेच खातं काय करू शकतं ते तेव्हा दिसलं आणि मी त्याचं कौतुकच करते. पण जून २०२५ मध्ये तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला आणि चार जण गेले. तो धोकादायक आहे हे ठाऊक होतं. फलक लावून पूल बंद होत नाही, त्यासाठी वाट खरोखर अडवावी लागते आणि लोकांना दुसरी वाट द्यावी लागते.

घाटांतही तेच. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. ३० माणसं गेली, एकटा एक वाचला. चालकाचं काय चुकलं असेल यावर तेव्हा चिकार चर्चा झाली. चालक चुकणारच, माणूस आहे तो. दरीच्या बाजूला मजबूत कठडा असतो तो त्याच चुकीसाठी. एक क्षण नजर हटली म्हणून कुणी शेकडो फूट खाली जाऊ नये, एवढी तरी सोय रस्त्याने करायला हवी.

हे सगळं आपल्याकडे होऊच शकत नाही असं म्हणणाऱ्यांना मी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं उदाहरण देते. २०१६ मध्ये त्या जेमतेम ९५ किलोमीटरच्या रस्त्यावर १५१ माणसं मेली होती. त्या वर्षी रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था यांनी शून्य मृत्यूचं ध्येय ठेवून काम सुरू केलं. प्रत्येक अपघाताच्या जागी जाऊन कारण शोधलं. कठड्यांमधल्या मोकळ्या जागा बंद केल्या, कठड्यांची उघडी टोकं सुरक्षित केली, कडेला उभ्या ट्रकवर मागून गाडी आदळते म्हणून तिथली गस्त वाढवली, रुग्णवाहिका लवकर पोचेल असं बघितलं. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्यावर आले. चालक तर तेच होते, त्याच घाईतले. मग बदललं काय? पण हेच काम एखाद्या साध्या राज्यमार्गावर, हिरव्या माथ्याचे मैलाचे दगड असलेल्या रस्त्यावर का होत नाही? तिथे टोल नाही म्हणून? तिथून जाणारे दुचाकीवर, वडापच्या जीपमध्ये, ट्रॅक्टरवर असतात म्हणून?

चालकांची जबाबदारी मी नाकारत नाही. आमच्या ऊसपट्ट्यात गाळप हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात निघतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाची टोकं बाहेर आलेली. मागून येणाऱ्याला तो ढीग अगदी जवळ गेल्यावर दिसतो. टायर फुटला की ट्रॉली तिथेच सोडून, चाकाला दगड लावून माणूस गावात जातो आणि ट्रॉली रात्रभर रस्त्यावर उभी. काही कारखाने, आरटीओ आणि पोलीस मिळून ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. पण रिफ्लेक्टर नसेल तर वजनकाट्यावर ट्रॉली घ्यायचीच नाही, असा नियम प्रत्येक कारखान्याने पाळला तर एका हंगामात फरक दिसेल. एक रिफ्लेक्टरची पट्टी किती रुपयांची असते हो!

आपल्याकडे रस्ता बांधकाम खात्याचा, लायसन्स परिवहन खात्याचं, पावती पोलिसांची. गावातला आतला रस्ता तर जिल्हा परिषदेचा. तिघा-चौघांच्या मध्ये अपघाताचं कारण हरवतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते ती याच सगळ्यांना एका टेबलावर आणण्यासाठी. तिच्या बैठकीत अपघातप्रवण ठिकाणांची यादी वाचली जाते. पुढच्या बैठकीत त्या यादीतली किती ठिकाणं दुरुस्त झाली, तेही वाचून दाखवलं पाहिजे.

कायदा आता थोडा आपल्या बाजूने आलाय. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख भरपाई देण्याचा आदेश दिला. पण त्यासाठी पंचनाम्यात रस्त्याची अवस्था लिहिलेली असायला हवी. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, तुमच्या गावाजवळ अपघात झाला तर जखमीला दवाखान्यात पोचवल्यावर त्या जागेचे फोटो काढा. काठाची उंची, खड्डा, तुटलेला कठडा, बुजलेलं गटार, सगळं. पोलिसांना पंचनाम्यात ते लिहायला सांगा.

आणि रस्त्याचं काम झालेलं असेल तर तिथला फलक वाचा. ठेकेदाराचं नाव आणि दोष दायित्व कालावधी त्यावर लिहिलेला असतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. बांधकाम उपविभागात उपअभियंत्यांच्या नावाने लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आमच्याकडे साइडपट्टीसाठी गावातल्या बायकांनी सह्या करून असा अर्ज दिलाय. अजून मुरूम पडलेला नाही, पण शाखा अभियंता येऊन टेप लावून काठाची उंची मोजून गेले. पुढचा अर्ज मेच्या आधी, गटारांसाठी आहे. ज्यांना मसुदा हवा असेल त्यांनी मेसेज करा, पाठवते.